प्लेग, पेनिसिलीन आणि मजुरी

इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांच्या लढाया, असे आम्ही लहानपणी समजत होतो. कामगार चळवळीत पडल्यावर कळले, की रोगालाही इतिहास असतो आणि मजुरीशी त्याचे जवळचे नाते असते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. औषध नव्हते. लोक गावाकडे पळाले, गिरण्या ओस पडू लागल्या. एरवी पगार थकवून ठेवणारे मालक दारातच रोजची मजुरी रोख मोजू लागले! १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. परंतु ९ फेब्रुवारीस नारायण मेघाजी लोखंडे आणि १० मार्चला सावित्रीबाई फुले, दोघेही प्लेगग्रस्तांची सेवा करताना गेले. लोखंड्यांच्या पुढाकाराने १८८४ साली गिरणी कामगारांनी मागितले होते, की कामावर जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. ही मागणी ध्यानात ठेवावी.

पुढे औषधे आली. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले. प्लेग आणि क्षय दोन्ही हटू लागले. १९५५ मध्ये पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले. लढाई जिंकली असे वाटले. पण अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधास निर्ढावतात, असे फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच बजावले होते. २०१२ साली मुंबईतील डॉक्टरांचा अहवाल गाजला : तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारा क्षय!

आमच्या नेरकडच्या जिनातील एका हमालाने क्षयाच्या गोळ्या दोन महिने घेतल्या. खोकला थांबला, कापसाचा हंगाम आला, त्याने औषध सोडले. पुढे रोग उलटला, आणि पहिल्या गोळ्या चालेनात. आम्ही रागावलो. तो म्हणाला, "रोज बुडला तं चूल कोन पेटवीन, भाऊ?" आम्ही निरुत्तर झालो.

१९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने कारखान्यांतील पुष्कळांना आजारपणात पगाराचा काही भाग मिळू लागला. हंगामी मजूर मात्र बाहेरच राहिला. सहा महिन्यांचा उपचार हा त्याच्यापुढे सहा महिन्यांच्या चुलीचा प्रश्न असतो. शिवाय त्याच्या छातीत निर्ढावलेला जंतू मालकाचा बंगला आणि मजुराची झोपडी असा भेद करीत नाही. म्हणून लोखंड्यांची ती मागणी आज केवळ कामगारांची नाही, साऱ्या गावाची आहे. चिठ्ठी डॉक्टर लिहितील. ती पुरी करण्याचे बळ आपण सर्वांनी द्यावयाचे आहे.