साडेबारा नवे पैसे

नाशिकरोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्यें छापलेली, भारताच्या नकाशाच्या टपालतिकिटांची मालिका 1957 सालीं निघाली. तींत 13 नव्या पैशांचें एक तिकीट आहे. असला अडनिडा आंकडा कोणास सुचला, असें वाचकांस वाटेल. परंतु दोन आण्यांचे बरोबर साडेबारा नवे पैसे होतात, आणि अर्धा नवा पैसा टांकसाळीनें पाडलाच नव्हता.

1 एप्रिल 1957 रोजीं दशमान नाणेंपद्धति अमलांत आली. तथापि जुनीं नाणीं त्या दिवशीं बंद झालीं नाहींत. 16 आणे, 64 पैसे अथवा 192 पै म्हणजे 100 नवे पैसे, या प्रमाणानें तीं चालूं राहिलीं. कोष्टकांत एका आण्याचे 6, दोहोंचे 12, तिहींचे 19 आणि चारांचे 25 नवे पैसे धरले होते. एका आण्याची कोथिंबीर चार गिऱ्हाइकांस विकणाऱ्या माळणीस, त्यांनीं नवीं नाणीं मोजलीं तर, 25 ऐवजीं 24 च मिळावयाचे. तिकीट मात्र 13 चें!

संगणकाच्या इतिहासांत हाच प्रसंग वारंवार येतो. प्रत्येक प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमकडे ठराविक नमुन्यांतच मागणी करतो: ही फाइल उघड, आतां किती वाजले तें सांग. नमुना जुना झाला म्हणून तो रद्द करावा, तर त्यावर विसंबलेले प्रोग्रॅम बंद पडतात. आणि ते लिहिणारे पुष्कळदां हयातही नसतात. म्हणून जुनी मागणी आंतल्याआंत नव्या भाषेंत फिरवून घेतात. लिनक्सनें 2019 सालीं 32 बिटांच्या यंत्रांसाठीं कालगणनेचे 64 बिटांचे नवे नमुने दिले आणि जुनेही राहूं दिले. परंतु 1970 पासूनचे सेकंद 32 बिटांत मोजणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमचें भांडें 19 जानेवारी 2038 रोजीं भरणारच. दुभाष्या कितीही चतुर असला तरी त्यांत अधिक मावणार नाहीं. 64 बिटांच्या विंडोजनें तर 16 बिटांच्या प्रोग्रॅमांस दारच बंद केलें. मला तो निर्णय कठोर वाटतो, पण लबाड वाटत नाहीं. माळणीच्या पैशासारखी गुपचूप तूट त्यांत नाहीं.

1 जून 1964 पासून पैशामागचा 'नवा' गेला. 30 जून 2011 पासून 25 पैशांचें नाणेंही चलनांतून उठलें. बाजारांत त्याला शेवटपर्यंत चाराणेच म्हणत.