पंतोजीचा पगार आणि जोतीरावांची साक्ष

गुरूला देवाच्या पंक्तीस बसविण्याची चाल आमच्या समाजांत फार जुनी आहे. पण त्या देवाच्या नैवेद्याची चौकशी करण्याची चाल मात्र आम्हांस फारशी नाहीं. जुन्या गांवठी शाळेंतला पंतोजी मुलांच्या घरून येणाऱ्या शिध्यावर व किरकोळ फीवर निर्वाह करी. सरकारी शाळा निघाल्यावर शिध्याच्या जागीं पगार आला, परंतु दारिद्र्य हटलें नाहीं.

ही गोष्ट सरकारच्या कानीं स्पष्टपणें घालणाऱ्यांत जोतीराव फुले यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. तेथें शिकवावयास जाणाऱ्या सावित्रीबाईंस वाटेंत शेणाचा मारा सोसावा लागला. तेव्हां शिक्षकाची अवहेलना जोतीरावांनीं आपल्या घरींच पाहिली होती. १८८२ सालीं विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण कमिशन बसलें, त्यापुढें त्यांनीं आपलें लेखी निवेदन ठेविलें.

प्राथमिक शिक्षकाचा पगार क्वचितच १० रुपयांवर जातो, असें त्यांनीं त्यांत दाखविलें. तो निदान १२ रुपये असावा व मोठ्या गांवीं १५ किंवा २० रुपये द्यावे. ज्याचीं पुष्कळ मुलें उत्तीर्ण होतील त्यास वेगळा भत्ता मिळावा. गांवचे हिशेब तपासणें, दस्तऐवज नोंदणें, टपाल सांभाळणें अशीं कामें त्याजकडे देऊन गांवांत त्याचें वजन वाढवावें, अशा त्यांच्या सूचना होत्या.

परंतु जोतीराव शिक्षकांचे भाट नव्हते. तत्कालीन शिक्षक बहुतेक ब्राह्मण, पुष्कळसे अशिक्षित पद्धतीनें नेमलेले, व रयतेच्या मुलांपासून दूर राहणारे, हा दोषही त्यांनीं तितक्याच रोखठोकपणें मांडला. शिक्षक शिकवून तयार केलेला असावा, प्रसंगीं नांगर धरण्यास न लाजणारा असावा, असा त्यांचा आग्रह होता. "आधीं योग्यता दाखवा, मग पगार मागा," असें म्हणणारे गृहस्थ आजही भेटतात. जोतीरावांनीं या दोन गोष्टी एकाच निवेदनांत शेजारीं शेजारीं ठेविल्या, यांतच त्यांचें शहाणपण आहे. अर्धपोटीं माणसाकडून उत्तम काम मागणें जसें अन्यायाचें, तसें तयारी नसलेल्या माणसास नुसता पगार देणें व्यर्थ होय.

पुढें काळ बदलला, पगार वाढले, हें खरें. तथापि सन २००० मध्यें याच महाराष्ट्रांत शिक्षणसेवक योजना निघाली, व नव्या शिक्षकास पहिलीं तीन वर्षें पगाराऐवजीं तुटपुंज्या मानधनावर काढावीं लागलीं. शब्दांतला 'मान' वाढला आणि धन तेवढें घटलें!

गुरुपौर्णिमेस हार अवश्य घालावा. पण ज्याच्या हातीं आपण आपलीं मुलें सोंपवितों, त्याच्या घरीं चूल कशी पेटते, हेंही वाचकांनीं एकदां विचारून पाहावें. जोतीरावांनीं तो प्रश्न १८८२ सालींच विचारला होता.