ताजमधला सॅक्सोफोन आणि आपल्या वरातीतला

संपादक मंडळानं सांगितलं, "सर, तुम्ही संगीतावर लिहा, पण राग-रागिण्या नको, सगळ्यांना समजेल असं पाहिजे." मी आयुष्यभर शाळेत पेटी शिकवली. तरी या स्मरणिकेसाठी विषय निवडला तो एका परदेशी वाद्याचा आणि ते वाजवणाऱ्या, शिकवणाऱ्या एका माणसाचा. का निवडला, ते शेवटी येईलच.

सॅक्सोफोन आपण सगळ्यांनी पाहिला आहे. हायवेवरच्या मंगल कार्यालयासमोर वरात आली की बँडमध्ये एक पिवळंधमक, खाली हुक्क्यासारखं वळलेलं वाद्य असतं, तेच ते. अ‍ॅडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन कारागिरानं ते बनवलं आणि 1846 मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. शरीर पितळेचं, पण आवाज निघतो तो तोंडाशी बसवलेल्या बोरूच्या पातळ पत्तीतून. म्हणून जाणकार त्याला पितळी वाद्यांत न धरता बासरी-क्लॅरिनेटच्या कुळात धरतात. पलटणींच्या बँडमध्ये ते आधी शिरलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी त्याला जॅझमध्ये नेलं आणि मग त्याचं खरं नाव झालं.

मुंबईत हे संगीत रुजलं ते 1930 नंतरच्या दशकात. लिऑन अ‍ॅबी हे अमेरिकन वादक 1935 मध्ये आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे वादक आले. त्यांच्याकडून ही विद्या पटकन उचलली ती गोव्याच्या पोरांनी. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवत. कागद समोर ठेवला की वाजवायचं, ही तयारी त्यांच्याकडे होती. काम मात्र गावात नव्हतं, म्हणून ते मुंबई, कराची, कलकत्ता असे पांगले.

अशाच एका गोमंतकीय घरातले मिकी कोरिया. जन्म 1913 चा, आफ्रिकेतल्या मोंबासाचा. वाढले कराचीत. हातात सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट. मुंबईला आले आणि 1939 मध्ये ताजच्या नाचघरातल्या बँडचे प्रमुख झाले. तिथं ते एक-दोन हंगाम नाही, सुमारे दोन दशकं टिकले. 14 ऑगस्ट 1947 च्या रात्री देश स्वतंत्र होत होता, तेव्हा ताजमधल्या सोहळ्यात त्यांचा बँड वाजत होता. दुसरा बँड होता चिक चॉकलेट यांचा. हे ट्रंपेटवादक, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे.

आता इथं आपला अमरावती जिल्हा येतो. 1951 साली 'अलबेला' नावाचा सिनेमा आला. त्याचे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक म्हणजे भगवानदादा पालव. त्यांचा जन्म अमरावतीचा आणि साल तेच, 1913. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे ते काही काळ गाणं शिकले होते. आणि पडद्यावर वाजवताना दिसतात ते चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार! अमरावतीत जन्मलेला नट, नागपुरात शिकलेला संगीतकार आणि ताज गाजवणारा गोव्याचा वादक, असे तिघं एका सिनेमात भेटले. त्या चालींवर आपल्या आज्या-आजोबांनी ताल धरला, पण चिक चॉकलेट हे नाव त्यांच्यातल्या कितींना ठाऊक असेल?

पुढं मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि नाचघरांची कमाई बसली. बरेच वादक सिनेमाच्या स्टुडिओकडे वळले. तिथं रोजच्या रोज काम असे, पण पाटीवर नाव संगीतकाराचं. मनोहारी सिंग यांचंच पाहा. नेपाळी कुटुंब, जन्म कलकत्त्याचा. बाटा कंपनीच्या बँडमधून पुढं आले, 1958 मध्ये मुंबई गाठली. 'काश्मीर की कली' (1964) आणि 'आराधना' (1969) या सिनेमांतल्या गाण्यांत जो सॅक्सोफोन आपल्या कानात बसला आहे, तो त्यांचा. 2010 मध्ये ते गेले, तेव्हा कितीतरी लोकांना त्यांचं नाव पहिल्यांदा कळलं.

मिकी कोरियांनी ताज सोडल्यावर काय केलं? त्यांनी शिकवलं. शिकायला येतील त्यांना जवळची विद्या देत राहिले. त्यांच्या कन्या क्रिस्टीन कोरिया आज न्यूयॉर्कमध्ये जॅझ गायिका म्हणून नावाजलेल्या आहेत. 2011 मध्ये, 98 व्या वर्षी, ते गेले. नाचघरातलं संगीत त्या रात्रीपुरतं असतं. लोक नाचले, घरी गेले, संपलं. शिकवलेलं मात्र विद्यार्थ्याच्या बोटांत राहतं, तो पुढं दुसऱ्याला देतो.

हे सगळं आठवायला कारण आहे. आपल्या सोसायटीतला एक मुलगा सॅक्सोफोन शिकतो आहे. त्याच्या वडिलांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "सर, याच्यात पुढं काही भेटते का? नाही तर पोराला एमआयडीसीत चिकटवून देतो." प्रश्न खोटा नाही. घर चालवायचं असतं. मी त्यांना कोरियांची गोष्ट सांगितली. नुसत्या वाजवण्याचा धंदा बेभरवशाचा आहे. ताजमधला बँडप्रमुखसुद्धा एक दिवस रिकामा होतो. पण ज्याला स्वरलिपी वाचता येते, जो नीट वाजवतो आणि ज्याला दुसऱ्याला शिकवता येतं, तो उपाशी राहत नाही. पोराला नोकरी करू द्या, पण वाद्य सोडायला लावू नका.

दुसरी अडचण आवाजाची. सॅक्सोफोन हळू वाजत नाही. नवशिक्याचा तर ऐकवतही नाही. कोणाची बारावी असते, कोणाचे आजोबा आजारी असतात, रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपलेला असतो. त्यांची तक्रार रास्तच आहे. म्हणून माझा प्रस्ताव असा : आपलं सभागृह लग्न-बारसं सोडलं तर संध्याकाळी रिकामंच असतं. तिथं रोज 6 ते 7 हा एक तास मुलांच्या वाद्यांसाठी द्यावा. खिडक्या बंद ठेवाव्यात. परीक्षेच्या महिन्यात सुट्टी. पेटी-तबल्याची बाजू मी सांभाळीन, फी नको.

आणि संपादक मंडळाला एक विनंती. या 25 वर्षांत गणपतीत ढोलकी कोणी वाजवली, गॅदरिंगचा पडदा कोणी बांधला, पाण्याच्या टाकीसाठी कोण कचेरीत खेपा घालत होतं, त्या सगळ्यांची नावं एका पानावर छापा. अध्यक्ष-सचिवांचे फोटो तर येतीलच. साथीदारांची नावं लिहून ठेवली नाहीत तर काय होतं, ते वर सांगितलंच आहे.