क्षणाचा वेग आणि एक चोख शंका

उंचावरून सोडलेला दगड पहिला सेकंद संपतो त्या नेमक्या क्षणीं किती वेगानें खालीं येत असतो? प्रश्न दिसावयास सोपा आहे. वेग म्हणजे अंतर भागिलें काळ, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. परंतु एका क्षणांत काळही सरत नाहीं आणि अंतरही कापलें जात नाहीं. मग शून्यास शून्यानें भागून उत्तर तें काय यावें? प्रश्न जुनाच आहे. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'ंत ग्रहांच्या 'तात्कालिक गती'चा विचार केला होता. सर्व प्रकारच्या फलांस लागू पडेल अशी रीत मात्र सतराव्या शतकांत न्यूटन व लायब्निट्झ यांनीं स्वतंत्रपणें शोधिली. लायब्निट्झचा लेख १६८४ सालीं प्रसिद्ध झाला.

ती रीत आपल्या दगडास लावून पाहूं. दगड एका सेकंदांत सुमारें १६ फूट पडतो, दोन सेकंदांत ६४. म्हणजे अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. पहिल्या सेकंदानंतरचा एक अल्प काळ 'क्ष' सेकंद मानिला, तर तेवढ्यांत दगड ३२ क्ष + १६ क्ष² फूट पडेल. ह्यास क्षनें भागिलें कीं सरासरी वेग ३२ + १६ क्ष येतो. आतां क्ष सोडून द्यावा; उरलेले ३२ फूट हा त्या क्षणाचा वेग. ह्यासच आपण विकलज म्हणतों.

ह्या 'सोडून द्यावा' वरच जॉर्ज बर्कलीनें बोट ठेविलें. ज्या १७३४ सालीं त्यास आयर्लंडांतील क्लॉइनचें बिशपपद मिळालें, त्याच सालीं त्यानें 'दि अॅनलिस्ट' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याचें म्हणणें असें कीं, भागाकार करितांना तुम्ही क्ष शून्य नाहीं असें धरितां आणि पुढच्याच पायरीस तो शून्य आहे असें म्हणतां. मग धर्मांतील गूढांस हंसण्याचा तुम्हांस अधिकार काय? हेतु धर्मरक्षणाचा होता खरा. शंका मात्र चोख होती. उत्तरें बरोबर येतात हें तो नाकारीत नव्हता. बरोबर उत्तर म्हणजे बरोबर युक्तिवाद नव्हे, एवढेंच त्याचें सांगणें होतें.

मॅक्लॉरिननें १७४२ सालीं मोठा ग्रंथ लिहून ग्रीक भूमितीच्या धर्तीवर समर्थन केलें. दालांबेरनें 'सीमा' ही कल्पना पुढें मांडिली. परंतु तिच्यावर सर्व शास्त्राची व्यवस्थित उभारणी केली ती कोशीनें, पॅरिसच्या विद्यार्थ्यांसाठीं १८२१ व १८२३ सालीं लिहिलेल्या पुस्तकांत. त्याच्या विचाराचा मथितार्थ असा: क्षला शून्य करूंच नका. तो ०.१ घ्या, वेग ३३.६ येईल, ०.०१ घ्या, ३२.१६, ०.००१ घ्या, ३२.०१६. ३२ पासूनचा फरक तुम्ही सांगाल त्याहून लहान करितां येतो, फक्त क्ष पुरेसा लहान हवा. ३२ हें भागाकाराचें उत्तर नव्हेच. भागाकार ज्याच्या जवळ जवळ जातात ती सीमा होय. वायरस्ट्रासनें पुढें हेंच अधिक काटेकोर शब्दांत बांधिलें.

मधल्या काळांत गणित थांबलें नव्हतें. ग्रहांच्या गतीचे हिशेब चालूच होते. तरीही उपयोग म्हणजे प्रमाण नव्हे, हें गणितज्ञांस आपल्या टीकाकारामुळें विसरतां आलें नाहीं. आज एखादा विद्यार्थी फळ्याकडे पाहून "क्ष आतांच शून्य कसा झाला?" असें विचारील, तर त्यास मंदबुद्धि समजून गप्प बसवूं नये. त्याच्याच शंकेनें मोठमोठ्या पंडितांस नव्वद वर्षें कामास लाविलें होतें.