वर्गणीची आगगाडी

आगगाडीचे तिकीट काढायचे ते कुठून तरी कुठे तरी जाण्यासाठी, हे आपण लहानपणापासून धरून चाललेलो आहोत. पण घरातल्या खुर्चीवरून न उठता जी आगगाडी चालवायची, तिचेही तिकीट निघते, आणि तेही पहिल्या वर्गाचे, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. या तिकिटाचा इतिहास फार जुना नाही, जेमतेम पाव शतकाचा आहे. परंतु त्यातला वाद जुनाच आहे, आणि आपल्या नागपूरला तर तो चांगलाच ओळखीचा असायला हवा.

आधी ही गाडी काय आहे ते पाहू. संगणकाच्या पडद्यावर एंजिनाची कॅब दिसते. समोर रूळ, सिग्नल, बाजूला झाडे, स्टेशने. आपण ड्रायव्हर. गाडी सोडायची, वेग आवरायचा, चढ आला की जोर द्यायचा, फलाटाला बेताने लावायची. याला ट्रेन सिम्युलेटर म्हणतात. खेळ म्हणावा तर यात हार-जीत नाही, प्रतिपक्षही नाही. वेळापत्रक हाच काय तो प्रतिपक्ष! तरीही यात रात्र-रात्र रमणारी माणसे जगभर आहेत, आणि त्यात आपल्याकडची पोरेही काही कमी नाहीत.

2001 हे या छंदाचे महत्त्वाचे साल. त्या वर्षी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपला ट्रेन सिम्युलेटर बाजारात आणला आणि ऑस्ट्रेलियातल्या ऑरन नावाच्या कंपनीने ‘ट्रेन्झ’ आणला. मायक्रोसॉफ्टच्या खेळात सहा मार्ग होते. दोन अमेरिकेतले, दोन जपानातले, एक इंग्लंडातला, एक ऑस्ट्रियातला. हिंदुस्थानातला एकही नाही. एवढे मोठे रेल्वेचे जाळे असलेला देश, आणि त्याच्या वाट्याला एक सायडिंगसुद्धा आले नाही! पण या दोन्ही खेळांत एक दार उघडे ठेवले होते. ज्याला हवे त्याने आपले एंजिन, आपला डबा, आपला मार्ग घडवावा आणि खेळात जोडावा. अशा जोडांना ॲड-ऑन म्हणतात. आपण सोयीसाठी पुरवण्या म्हणू.

या दारातून भारतीय गाड्या आत शिरल्या. परदेशी शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी 1989 च्या सुमारास रेल्वेप्रेमींचे एक मंडळ संगणकाच्या जाळ्यावर सुरू केले होते, ते ‘आयआरएफसीए’ या नावाने पुढे बरेच वाढले. एंजिनांचे प्रकार, डब्यांचे रंग, सिग्नलांच्या पद्धती यांची बारीक माहिती अशा मंडळींनी आधीच गोळा करून ठेवलेली होती. तिचा उपयोग पुरवण्या घडवणाऱ्यांना झाला. डब्ल्यूडीएम-2 हे डिझेल एंजिन आणि डब्ल्यूएपी-4 हे विजेचे एंजिन आपल्या पोरांनी पडद्यावर आणले. मायक्रोसॉफ्टच्या खेळात ब्रॉडगेजचे रूळच नव्हते; तेव्हा आपली गाडी परदेशी मापाच्या रुळांवर चालवायची, नाही तर रूळ तरी नवे घडवायचे.

हे काम किती किचकट असते ते सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा वाद त्यावरच उभा आहे. एक एंजिन घडवायचे तर आधी त्याची मापे लागतात. मग चारी बाजूंनी छायाचित्रे. मग पत्रा, खिडक्या, जाळ्या, बफर असा एकेक भाग रेषा-रेषांनी उभा करायचा, त्यावर रंग चढवायचा, गंजाचे डागसुद्धा. वजन, ओढण्याची ताकद आणि ब्रेकचा जोर यांचे आकडे भरायचे. हॉर्न हवा, तर फलाटाच्या टोकाला ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन तिष्ठत बसायचे. यात महिने जातात. आणि एवढे करून बहुतेकांनी ते जगाला फुकट दिले! सोबत एक चिठ्ठी जोडलेली असे: वापरा, पण विकू नका, माझे नाव काढू नका. आता दुसऱ्याची फुकट वस्तू तबकडीवर भरून विकणारे बहाद्दर निघाले नाहीत असे नाही. ते निघालेच. म्हणून तर चिठ्ठी.

फुकट दिलेली वस्तू कुठे तरी ठेवावी लागते. ट्रेन्झच्या मालकांनी त्यासाठी एक मोठे कोठार उघडले. त्याची योजना मोठी पाहण्यासारखी आहे. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक मिळतो. त्यात पहिला आकडा घडवणाऱ्याचा आणि दुसरा त्याच्या वस्तूचा. म्हणजे वस्तू कुठेही गेली तरी बापाचे नाव तिच्याबरोबर जाते. एखादा मार्ग आपण उतरवून घेतला, की त्याला लागणारा पूल एकाचा, सिग्नल दुसऱ्याचा, बाभळीचे झाड तिसऱ्याचे, असे निघते. मार्ग रचणारा एक, पण त्याच्या खाली शेकडो जणांचे काम. त्यांतला रुळाचा एखादा तुकडा कोठारात नसला, की गाडी तिथेच अडली. खेळाची नवी आवृत्ती निघाली की जुन्या वस्तूंत चुका दिसू लागतात. त्या दुरुस्त करायलाही स्वयंसेवकच बसतात.

कोठाराला जागा लागते, यंत्रे लागतात, वीज लागते, आणि मागेल त्याला माल पोचवण्याचा खर्च असतो. म्हणून कंपनीने वर्गणी बसवली. नाव दिले ‘फर्स्ट क्लास तिकीट’. ज्याने तिकीट काढले त्याला माल झटपट आणि हवा तितका. ज्याने काढले नाही त्यालाही माल मिळे, पण रोज ठरावीक मापापर्यंत आणि हळूहळू. आपल्या रेल्वेतला तिसरा वर्ग 1974 साली गेला. या गाडीत मात्र नाव न घेता तो ठेवला गेला, आणि माझ्या मते शहाणपणाची गोष्ट केली ती हीच.

तंटा झालाच. घडवणाऱ्यांपैकी कित्येक म्हणाले, आम्ही फुकट दिले आणि तुम्ही दारावर पैसे घेता? हे सदावर्त आमचे की तुमचे? दुसरी बाजू म्हणे, आम्ही मालाचे पैसे घेतच नाही, हमालीचे घेतो. दोघांचेही खरे होते. भांडण मिटत नाही ते अशाच वेळी.

वर्गणी हा शब्द आपण गणपतीपुरता समजतो. पण अनेकांनी मिळून करायच्या, एकट्याला न पेलणाऱ्या कामासाठी वर्गणीदार मिळवण्याचा एक मोठा प्रयोग याच शहरात सुरू झाला, तो महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात 1911 साली डॉक्टर झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 1916 साली नागपूरला ज्ञानकोश मंडळाची स्थापना केली. पुढे काम पुण्याला गेले, हा भाग निराळा. या खटाटोपात लक्षात घेण्यासारखे हे की केतकरांनी मंडळ काढले ते रीतसर मर्यादित कंपनी म्हणून. कुणा संस्थानिकाच्या पदराखाली कोश लिहिण्याऐवजी त्यांनी भागीदार जमवले, वर्गणीदार जमवले, त्यासाठी गावोगाव आणि दारोदार हिंडले. पीएच.डी. झालेला माणूस वर्गणीची वही घेऊन दारात उभा, हे त्या काळच्या लोकांना कसे वाटले असेल! पहिला खंड हाती येईपर्यंत चार-पाच वर्षे गेली. ज्यांनी आधी विश्वास टाकला त्यांनी छापलेले पान पाहण्यापूर्वीच टाकला. 1929 पर्यंत 23 खंड पुरे झाले. या साऱ्या धडपडीचा हिशेब केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात स्वतःच मांडला आहे.

तेव्हा वर्गणी आणि किंमत या दोन गोष्टींत फरक आहे. किंमत तयार वस्तूची असते. वर्गणी म्हणजे काम चालू राहावे म्हणून आधी दिलेला हात. केतकरांचा वर्गणीदार लेखकांना, छापखान्याला आणि कागदाला एकदम पोसत होता. ट्रेन्झच्या तिकिटात यातला एकच भाग होता, वाहतुकीचा. घडवणारा तिकिटाच्या बाहेरच राहिला. रेडिओ ऐकणाऱ्यांना तर ही वाहतुकीची वर्गणी नवी नव्हतीच. घरात रेडिओ असला की टपाल कचेरीत जाऊन दरसाल परवान्याचे पैसे भरावे लागत. कुणाचे गाणे ऐकले आणि कुणाचे नाही याच्याशी त्या पैशांचा काही संबंध नसे. ती पद्धत 1980 नंतरच्या दशकात बंद झाली.

घडवणाऱ्याला सरळ पैसे पोचवण्याचेही प्रयत्न झाले. 2013 साली अमेरिकेत पॅट्रिऑन नावाची सोय निघाली. तीत आवडत्या कलावंताला, कारागिराला महिन्याच्या महिन्याला ठरावीक रक्कम देता येते, आणि पुरवण्या घडवणारेही तिच्याकडे वळले. दोन वर्षांनी, 2015 च्या एप्रिलात, याच्या अगदी उलट तऱ्हेचा एक प्रकार घडला. तो आगगाडीच्या खेळातला नाही, ‘स्कायरिम’ नावाच्या एका साहसाच्या खेळातला आहे. पण गोष्ट तीच. छंदिष्टांनी घडवलेल्या पुरवण्या विकायला ठेवल्या गेल्या, आणि आलेल्या पैशातले 25 टक्के घडवणाऱ्याला, उरलेले खेळाच्या आणि दुकानाच्या मालकांना अशी वाटणी ठरली. इतका गदारोळ उठला की चार-पाच दिवसांत ती योजना गुंडाळावी लागली. लोक पैसे द्यायला तयार नव्हते म्हणून हे झाले असे काही जण म्हणतात. मला ते अर्धेच पटते. काल सार्वजनिक विहिरीवर जे पाणी भरत होते त्यांना आज तिथेच पावती फाडायला सांगितले, आणि विहीर खणणाऱ्याच्या हाती रुपयातले चार आणे ठेवले. कुठल्याही गावात भांडण व्हायचेच.

आता कोणी म्हणेल, एवढे कशाला? फुकट वाटणारे आहेत, घेणारे आहेत, चालू द्या. पण फुकट वस्तू सांभाळायला कोणीच बांधलेला नसतो. 2009 साली जिओसिटीज नावाची फुकट पानांची वसाहत बंद झाली आणि छंदिष्टांची असंख्य पाने तिच्याबरोबर गेली. त्याच वर्षाच्या आरंभी मायक्रोसॉफ्टने आपले सिम्युलेटर तयार करणारी शाखा बंद केली आणि नव्या ट्रेन सिम्युलेटरचे काम तिथेच थांबले. जुन्या खेळासाठी जगभर घडवलेले ते सारे डबे, एंजिने, मार्ग यांचे आता काय? ते वाचले ते स्वयंसेवकांमुळे. ‘ओपन रेल्स’ नावाचा एक नवा सिम्युलेटर त्यांनी रचला, तो जुन्या पुरवण्या जशाच्या तशा चालवतो. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती 2015 साली आली. तो फुकट आहे आणि त्याची अंतर्रचनाही कोणालाही पाहता येते. मालक निघून गेल्यावर भाडेकरूंनी वाडा उभा ठेवला, असे हे उदाहरण आहे. पण सगळे वाडे असे वाचत नाहीत.

आणि इथे नागपूरचा प्रश्न येतो. 1867 साली मुंबईकडून आगगाडी नागपुरात आली, पुढे पूर्वेकडून बंगाल-नागपूर रेल्वे आली, आणि त्या कंपनीने या शतकापूर्वीच्या आरंभीच्या वर्षांत सातपुड्यात आणि झाडीपट्टीत अडीच फुटी नॅरोगेजचे जाळे विणले. इतवारीहून उमरेड, भिवापूर करीत नागभीडला जाणारी छोटी गाडी 1908 ची. छिंदवाड्याकडची छोटी गाडी 2015 च्या अखेरीस थांबली. नागभीडची 2019 च्या नोव्हेंबरात. दोन्ही ठिकाणी कारण एकच, रुंदीकरण. रुंदीकरणाला कोण नाही म्हणेल? भिवापूरच्या मिरचीवाल्याला मोठी गाडी हवीच. पण छोट्या रुळांबरोबर एक अख्खी चाल गेली. तो वेग, वळणावर अंग टाकणारे डबे, शेताला खेटून जाणारी खिडकी.

मोतीबागेत 2002 सालापासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे. तिथे एंजिने आहेत, डबे आहेत, जुनी उपकरणे आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मी तिथे आवर्जून पाठवतो. पण उभे एंजिन म्हणजे इतिहासाचा एक भाग. इतवारी ते नागभीड हा शंभराहून थोडा अधिक किलोमीटरांचा प्रवास संग्रहालयात मावत नाही. तो कुठे मावत असेल तर या पडद्यावरच्या गाडीत. त्यासाठी चढ-उतारांचे नकाशे लागतील, प्रत्येक स्टेशनच्या इमारतीचे माप लागेल, सिग्नलांच्या जागा लागतील, आणि काम करणारी चार-पाच पोरे दोन-तीन वर्षे बसवावी लागतील. ती फुकट बसतीलही, छंद म्हटला की माणूस बसतो. त्यांनी घडवलेले वीस वर्षांनंतर कुठल्या कोठारात असेल आणि त्या कोठाराचे भाडे कोण भरील, हे मात्र छंदावर सोडता येत नाही. पाचशे नागपूरकर वर्षाला शंभर रुपये देतील का? केतकरांच्या वहीत नाव घालणाऱ्यांची नातवंडे-पतवंडे याच शहरात असतील, म्हणून विचारतो. माझ्यापुरते सांगायचे तर मी देईन, पण दोन अटींवर: घडवणाऱ्याचे नाव आणि क्रमांक वस्तूवर राहिला पाहिजे, आणि पैसे नसलेल्या पोरासाठी तो हळू चालणारा तिसऱ्या वर्गाचा डबा गाडीला जोडलेला असला पाहिजे.

काम काढायचे तर लवकर काढावे. मापे संग्रहालयातल्या एंजिनावरून घेता येतील, नकाशे रेल्वेच्या दप्तरात शोधता येतील. उमरेडच्या फलाटात शिरताना वाजणारा त्या छोट्या गाडीचा हॉर्न मात्र आता कुठल्याही रुळावर ऐकू येणार नाही. 2019 पूर्वी कोणी तो हौसेने ध्वनिमुद्रित करून ठेवला असेल, तर तो त्याच्याच घरात, एखाद्या जुन्या मोबाइलमध्ये पडलेला असेल.