दृश्य आणि कारण

२५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्याच्या सज्ज्यातून खालच्या कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी निवर्तले. वय अवघे २१ वर्षांचे. खर्ड्याच्या विजयाला आठ महिनेही लोटले नव्हते. तीनच दिवसांपूर्वी, दसऱ्याला, सैन्याने आणि सरदारांनी त्यांना डोळे भरून पाहिले होते. परंतु पाहिले ते काय? १८२६ च्या आपल्या इतिहासात ग्रँट डफ म्हणतो की, त्या सायंकाळचा दरबार नेहमीसारखाच झाला. मात्र नाना फडणविसांच्या करड्या देखरेखीने खचलेल्या पेशव्यांनी जाणूनबुजून उडी घेतली. तापाच्या भ्रमात तोल गेला, असे दुसरे अभ्यासक मानतात.

त्या काळी कॅमेरा असता, तर हा वाद मिटला असता काय? १ जुलै २०१८ रोजी दिल्लीतील बुराडी येथे एकाच घरातील ११ माणसे मृत आढळली. आदल्या रात्री घरातलीच माणसे स्टुले आणि तारा आत नेत असल्याचे कॅमेऱ्याने टिपले होते. दृश्य स्पष्ट होते, अर्थ लागेना. तो लागला घरातल्या ११ वर्षांच्या वह्यांवरून. दिवंगत वडिलांचे आदेश म्हणून त्यांत एक विधी लिहिलेला होता आणि त्यातून सारे सुखरूप सुटतील, असा भरवसाही होता. मानसशास्त्रीय तपासणीनेही ही आत्महत्या नव्हे, विधीत घडलेला अपघात होय, असा निर्वाळा दिला.

कॅमेरा कृती दाखवितो, हेतू नव्हे. सवाई माधवरावांच्या अखेरच्या दिवसांची अशी वही इतिहासाच्या हाती नाही. म्हणूनच 'आत्महत्या' हा शब्द लिहिण्यापूर्वी लेखणीने क्षणभर थांबावे, हे उचित.