प्रोस्टेटमधील सिस्टच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

प्रोस्टेट म्हणजेच पुरःस्थ ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेभोवती असते. तिच्यात द्रवाने भरलेली सिस्ट झाली तरी बहुतेकांना त्रास होत नाही. मूत्राशयाच्या अगदी तोंडाशी आलेली सिस्ट मात्र वाट अडवते. लघवीची धार बारीक होते, कुंथावे लागते, कधी लघवी तुंबते. प्रोस्टेट वाढल्यावर किंवा मुतखडा अडकल्यावरही हीच लक्षणे दिसतात. त्यामुळे आत पाहण्याची सोय होईपर्यंत सिस्ट वेगळी ओळखणे जवळजवळ अशक्य होते.

मुतखडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया सुश्रुतसंहितेत सांगितलेली आहे. एकोणिसाव्या शतकात होळकरांच्या इंदुरात रेसिडेन्सी सर्जन डी. एफ. कीगन यांनी लहान मुलांचे खडे न कापता, मूत्रमार्गातून उपकरण घालून फोडले. उत्तर हिंदुस्थानात हेच तंत्र वापरणारे सर्जन पीटर फ्रेयर निवृत्तीनंतर लंडनला गेले आणि 1 डिसेंबर 1900 रोजी त्यांनी ओटीपोटात छेद घेऊन एका रुग्णाची वाढलेली प्रोस्टेट काढली.

दरम्यान मॅक्स नित्झे यांनी 1870च्या दशकात मूत्राशयात पाहण्याची दुर्बीण तयार केली होती. 1926 मध्ये मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी विजेच्या तारेने आतील भाग कापणारे रिसेक्टोस्कोप आणले. 1931 मध्ये जोसेफ मॅकार्थी यांनी ते सुधारले. गुदमार्गातून होणारी सोनोग्राफी 1970च्या दशकानंतर रुळली, तेव्हा सिस्टची जागा आणि आकार शस्त्रक्रियेआधीच कळू लागला.

भारतात 1961 मध्ये युरॉलॉजीच्या तज्ज्ञांची संघटना उभी राहिली. मुंबईचे डॉ. जी. एम. फडके हे या शाखेच्या पहिल्या पिढीतले. पुण्यात 1867 पासून ससून रुग्णालय होते. शहराच्या दक्षिणेला, पुणे-सातारा रस्त्यावर कात्रज-धनकवडी परिसरात 1989 मध्ये भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथल्या भारती हॉस्पिटलमुळे युरॉलॉजीचे उपचार कात्रज घाटाच्या पायथ्याशी मिळू लागले.

त्रास देणाऱ्या सिस्टचे छत आज दुर्बिणीतून, विजेच्या तारेने किंवा लेसरने, कापून ती मोकळी करतात. नुसते सुईने पाणी काढले तर ती पुन्हा भरू शकते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर वीर्य उलट मूत्राशयात जाण्याची शक्यता असते. तरुण रुग्णाला ती आधी समजावून सांगावी लागते. सोनोग्राफीत सहज आढळलेल्या, लक्षणे नसलेल्या सिस्टला शस्त्रक्रियेची गरज नसते.